समुद्र बदलतोय, मग बेटांवरची माणसं काय करतात? लक्षद्वीप, मालदीव आणि तुवालूची माहिती सोप्या भाषेत



डिसेंबर २०१७ ची गोष्ट. मी तेव्हा अकरावीत होतो आणि देवगडला मामाकडे गेलो होतो. देवगड बंदरात एरवी आपल्याच होड्या दिसतात. त्या दिवशी मात्र केरळ आणि तमिळनाडूच्या मोठ्या बोटींची रांग लागली होती. ओखी चक्रीवादळातून वाचून ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले होते. त्यांच्यापैकी एकाने खुणेनेच माझ्याकडे चार्जर मागितला. त्याच्या हातात चांगला स्मार्टफोन होता. पण खोल समुद्रात त्या फोनचा उपयोग टॉर्चपुरताच झाला होता. वादळाचा इशारा निघाला तेव्हा अशा कित्येक बोटी नेटवर्कच्या बाहेर, किनाऱ्यापासून फार दूर होत्या. मामा एवढंच म्हणाला, "रेंज असती तर हे कशाक हंय इले असते?"

हेच वादळ आपल्याकडे येण्याआधी लक्षद्वीपवरून गेलं होतं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आपल्या कोकणात समुद्र चढला तर मागे सरकायला जमीन आहे, मागे सह्याद्री आहे. ज्यांच्या मागेही समुद्रच आहे, त्या बेटांवरच्या लोकांनी काय करायचं?

आजच्या लेखात आपण हेच समजून घेणार आहोत. मुख्य उदाहरण लक्षद्वीपचं आहे, आणि जिथे लक्षद्वीपमध्ये उत्तर सापडत नाही तिथे मालदीव आणि तुवालू या देशांकडे बघू. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. यातला कुठलाही उपाय समुद्राला थांबवत नाही, प्रत्येक उपाय फक्त वेळ मिळवून देतो. कुणी काही तास मिळवून देतो, कुणी काही दशकं. म्हणून प्रत्येक उपायाला आपण एकच प्रश्न विचारू: याने किती वेळ मिळतो?

## आधी लक्षद्वीपची थोडक्यात ओळख

लक्षद्वीप हा भारताचा सगळ्यात लहान केंद्रशासित प्रदेश. केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २२० ते ४४० किमी अंतरावर ही बेटं आहेत. सगळी जमीन मिळून फक्त ३२ चौरस किमी. माणसं राहतात अशी बेटं १० आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३.

ही प्रवाळबेटं आहेत. प्रवाळ म्हणजे पोवळं, एक छोटासा समुद्री जीव, जो स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधतो. अशा अब्जावधी घरांची भिंत तयार होते आणि त्या भिंतीचा चुरा, म्हणजे पांढरी वाळू, साचून बेट बनतं. भिंत आणि बेट यांच्यामध्ये जे उथळ, शांत, निळं पाणी असतं त्याला लगून म्हणतात. इन्स्टाग्रामवर दिसतं ते हेच पाणी.

बेटांची उंची बहुतेक ठिकाणी समुद्रापासून एक-दोन मीटर. म्हणजे आपल्या घराच्या छताएवढीही नाही. लक्षद्वीपमधलं पराली-१ नावाचं निर्मनुष्य छोटं बेट तर आज नकाशावर उरलेलंच नाही. त्याची सगळी जमीन लाटांनी हळूहळू खाऊन टाकली.

## समुद्रात नेमकं काय बदलतंय?

तीन गोष्टी बदलतायत.

१. पातळी वाढतेय. १९९३ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे १० सेंमीने वाढली आहे आणि वाढीचा वेगही वाढतोय. ही मोजणी होते कशी? १,३३६ किमी उंचीवरून उपग्रह खाली रडारचा सिग्नल सोडतो. तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. याच्या जोडीला किनाऱ्यावर भरतीमापक यंत्रं असतात. मुंबईत अपोलो बंदरच्या भरतीमापकाची नोंद तर १८७८ पासूनची आहे.

२. पाणी तापतंय. माणसाच्या प्रदूषणामुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्र शोषून घेतो. त्याचा पहिला फटका प्रवाळाला बसतो.

३. लाटा जास्त आत येतायत. पातळी थोडी जरी वाढली तरी पूर्वी किनाऱ्यावर थांबणारी लाट आता अंगणात येते. आणि प्रवाळभिंत कमजोर झाली असेल तर आणखी आत येते.

## तासांचा वेळ: चोर लाटेचा इशारा

लक्षद्वीप आणि केरळमध्ये एक शब्द आहे, 'कल्लक्कडल'. मल्याळममध्ये त्याचा अर्थ होतो चोर समुद्र. वादळ नाही, पाऊस नाही, वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी समुद्र अचानक घरात शिरतो. चोरासारखा न सांगता येतो म्हणून हे नाव. २०१२ मध्ये युनेस्कोनेही हा शब्द अधिकृतपणे स्वीकारला.

या लाटा येतात तरी कुठून? हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रात, मोठी वादळं होतात. त्यांनी उठवलेल्या लांबलचक लाटा वादळाला मागे सोडून पुढे निघतात आणि आठवडाभर प्रवास करून आपल्याकडे पोहोचतात.

एप्रिल २०२४ च्या शेवटी असंच झालं. २६ एप्रिलच्या सुमारास भारतापासून सुमारे १०,००० किमी दूर, दक्षिण अटलांटिक महासागरात एक वादळी पट्टा तयार झाला. आता गणित करून बघा. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये १८ सेकंदांचं अंतर असेल, तर खोल समुद्रात अशा लाटांचा समूह ताशी साधारण ५० किमी वेगाने जातो. म्हणजे दिवसाला १,२०० किमी. १०,००० किमीला लागले सुमारे आठ दिवस. २६ एप्रिल अधिक ८ दिवस म्हणजे ४ मे. लाटा खरोखरच त्याच सुमारास लक्षद्वीप आणि भारताच्या दक्षिण टोकाला पोहोचल्या. मुंबई आणि कोकण किनाऱ्यालाही तेव्हा उंच लाटांचा इशारा होता.

म्हणजे हा चोर पकडता येतो. हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था करते. पूर्ण नाव भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. उपग्रह समुद्रावरचा वारा मोजतात, पाण्यात तरंगणारे बोये लाटांची उंची आणि त्यांच्यातलं अंतर मोजतात, आणि संगणक मॉडेल सांगतं की लाटा कुठे, कधी पोहोचतील. २०२० पासून कल्लक्कडलसाठी वेगळी पूर्वसूचना दिली जाते.

याने किती वेळ मिळतो? काही तास ते दोन-तीन दिवस. होड्या वर ओढायला, जाळी उचलायला, पोरांना किनाऱ्यावरून घरी आणायला तो पुरतो.

पण इथेच खरी अडचण सुरू होते. त्या मे महिन्यात इशारा दिलेला असतानाच, ६ मे रोजी, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. म्हणजे विज्ञानाला माहीत होतं, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचलं नव्हतं किंवा पटलं नव्हतं. आठ दिवस आधी कळलेली गोष्ट शेवटच्या शंभर मीटरवर अडकू शकते.

## शेवटचे शंभर मीटर: इशारा फोनपर्यंत कसा येतो?

सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये तुमचा फोन एकदा अचानक भोंग्यासारखा वाजला होता आणि स्क्रीनवर सरकारी संदेश आला होता, आठवतंय? ती या यंत्रणेची चाचणी होती. यात आणि साध्या एसएमएसमध्ये मोठा फरक आहे. एसएमएस एकेका नंबरला पाठवावा लागतो, गर्दी झाली की अडकतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर रेडिओसारखा एकदाच 'बोलतो' आणि त्याच्या रेंजमधले सगळे फोन एकाच वेळी 'ऐकतात'. तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. फक्त रेंज लागते.

समुद्राखालची केबल. बेटांवर पूर्वी इंटरनेट फक्त उपग्रहावरून यायचं, तेही सगळ्या बेटांना मिळून अगदी थोडं. जानेवारी २०२४ मध्ये कोची ते लक्षद्वीप ही सुमारे १,८७० किमी लांबीची समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली आणि इंटरनेटची क्षमता शंभर पटींहून जास्त वाढली. आपण वेग वाढला की रील्स बघतो. बेटावर मात्र वेग म्हणजे डॉक्टरशी व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग आणि वेळेवर मिळालेला हवामानाचा नकाशा.

आणि खोल समुद्रात? मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किमीवर संपते. ओखीमध्ये नेमका हाच घोटाळा झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र आलं. बोटीवर ठेवलेला हा डबा थेट उपग्रहाकडून इशारे घेतो आणि ब्लूटूथने तांडेलाच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दाखवतो. सिम नको, टॉवर नको. याची मर्यादाही समजून घ्या: बोट ऐकू शकते, पण उलट बोलू शकत नाही. बोटीवरून 'वाचवा' असा संदेश पाठवायला इस्रोने बनवलेलं संकटसूचक यंत्र वेगळं असतं. त्याच्या नव्या आवृत्तीत 'तुमचा संदेश मिळाला' अशी पोचही बोटीवर येते. बुडत्या माणसाला या पोचेने किती धीर येत असेल, याची कल्पना करा.

## महिन्यांचा वेळ: प्यायचं पाणी

समुद्र बेट बुडवायच्या खूप आधी बेटाची विहीर खारट करतो. ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

बेटावर पडलेलं पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. या थराला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात, कारण त्याचा आकार भिंगासारखा मध्ये जाड आणि कडांना पातळ असतो. नियम असा आहे की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फूट असू शकतं. ऐकायला छान वाटतं. पण हाच नियम उलटाही चालतो. पंप लावून पातळी १ फुटाने खाली आणली, तर खालचं खारं पाणी ४० फूट वर सरकायला बघतं. लहान बेटांवर मुळात थर पातळ असतो, त्यामुळे धोका आणखी मोठा. वरून एखादी मोठी लाट आत शिरली की विहिरी खराब होतातच.

यावर लक्षद्वीपमध्ये एक भन्नाट भारतीय तंत्रज्ञान वापरलं जातं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. पुढे मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. कदमत बेटावरचा प्रकल्प दिवसाला दीड लाख लिटरचा आहे.

तो चालतो कसा?

१. उंच डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळतं. बंद टाकीतून हवा काढून दाब खूपच कमी केला, तर २८ अंशांचं साधं समुद्राचं पाणीसुद्धा उकळतं. गॅस नको, हीटर नको.

२. त्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं.

३. वाफेचं पुन्हा पाणी करायला थंडावा लागतो. तो समुद्रातच आहे! सुमारे ३५० मीटर खोलीवर पाणी १२-१३ अंशांचं असतं. लांब पाइपाने ते वर आणतात आणि त्या थंडाव्याने वाफेचं गोडं पाणी बनतं.

प्रवाळबेटांच्या कडेला समुद्र एकदम खोल होतो, म्हणून इथे हे जमतं. कोकणात किनाऱ्याजवळचा समुद्र लांबवर उथळ आहे, त्यामुळे आपल्याकडे हा प्रकार तसाच उचलून आणता येणार नाही. उपाय जागेनुसार बदलतो, तो असा.

याने किती वेळ मिळतो? उन्हाळ्याचे कोरडे महिने निभतात, आणि पुढची अनेक वर्षं बेट राहण्याजोगं राहतं. कमी कुठे पडतो? पंपांना वीज लागते आणि लक्षद्वीपची बरीचशी वीज आजही जहाजातून आलेल्या डिझेलवर बनते. म्हणून कवरत्तीत समुद्राच्या उष्णतेवरच वीज बनवून असा प्रकल्प चालवायचं काम हाती घेतलेलं आहे. शिवाय छतावरचं पावसाचं पाणी साठवणं हा साधा उपाय आहेच. त्याला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

## वर्षांचा वेळ: जिवंत प्रवाळभिंत

जगभरातल्या अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ताकद बेटापर्यंत पोहोचायच्या आधीच मोडते. कुठलीही सिमेंटची भिंत इतकं फुकट आणि स्वतःची दुरुस्ती स्वतः करत काम करत नाही. बेटाची वाळूही इथूनच येते. पोपट मासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या विष्ठेतून पांढरी बारीक वाळू पडते. हो, इन्स्टाग्रामवरच्या त्या सुंदर किनाऱ्याचा काही भाग माशांच्या पोटातून आलेला असतो!

या वाळूमुळे एक आश्चर्याची गोष्टही घडते. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू देशाच्या १०१ बेटांचा १९७१ ते २०१४ या काळातला अभ्यास झाला, तेव्हा समुद्र वाढत असूनही एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. काही बेटं झिजली, बरीच वाढली, कित्येक जागेवरून सरकली. याचा अर्थ धोका नाही असा नाही. जमीन उरली तरी विहीर खारट होऊ शकते आणि घरात पाणी येऊ शकतं. अर्थ एवढाच की जिवंत भिंतीच्या मागचं बेट स्वतःही थोडं जुळवून घेतं, मात्र भिंत जिवंत हवी.

आणि भिंत संकटात आहे. पाणी फार दिवस गरम राहिलं की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला विरंजन म्हणतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं विरंजन झालं, आणि २०२४ मध्ये पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घ अभ्यासात जिवंत प्रवाळाचं प्रमाण १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये सुमारे १९ टक्क्यांवर आलेलं दिसलं. म्हणजे २४ वर्षांत जवळपास निम्मं.

हे आधी ओळखता येतं का? येतं. अमेरिकेच्या नोआ संस्थेचा 'कोरल रीफ वॉच' उपग्रहाच्या मदतीने गुण मोजतो. वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी १ अंशाने जास्त गरम आठवडाभर राहिलं की १ गुण. बारा आठवड्यांत ४ गुण झाले की विरंजन अपेक्षित, ८ झाले की प्रवाळ मरायला लागण्याची भीती. हे नकाशे मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येतात.

पण नकाशा बघून पाणी थंड करता येत नाही. मग स्थानिक लोक काय करू शकतात? भिंतीवरचा बाकीचा भार कमी करू शकतात. इथे लक्षद्वीपची जुनी मासेमारी कामाला येते. इथले लोक ट्यूना पकडतात (आपल्याकडचा कुपा त्याच कुळातला), आणि तोही काठीला गळ लावून, एकेक करून. आधी लगूनमधून बारीक जिवंत मासे पकडायचे, ते आमिष म्हणून खोल समुद्रात ट्यूनाच्या थव्यापुढे टाकायचे, आणि मासा उसळला की काठीने बोटीत ओढायचा. मिनिकॉयमध्ये हाच ट्यूना उकडून, धूर देऊन, वाळवून 'मास' बनवतात, जो महिनोन्‌महिने टिकतो.

या पद्धतीत प्रवाळावरच्या मोठ्या माशांना, त्या पोपट माशाला, हात लागत नाही. म्हणजे ट्यूनाची मासेमारी टिकली तर वाळूचा कारखाना टिकतो. पण साखळी उलटीही आहे. प्रवाळ मेला तर आमिषाचे बारीक मासे कमी होतात आणि ट्यूना हातचा जातो. म्हणून काही बेटांवर दक्षिण फाउंडेशन या संस्थेसोबत मच्छीमार स्वतःच रोजच्या पकडीची नोंद ठेवतात. कुठे, किती, कुठलं आमिष मिळालं हे वर्षानुवर्षं लिहिलं तरच कुठे हात आखडायचा ते ठरवता येतं.

याने किती वेळ मिळतो? दोन विरंजनांच्या मध्ये भिंतीला सावरायला काही वर्षं. समुद्र असाच तापत राहिला तर मात्र ही वर्षं कमी होत जाणार.

## दशकांचा वेळ: भिंत आणि उंच जमीन

लक्षद्वीपच्या दक्षिणेला मालदीव आहे. एप्रिल १९८७ मध्ये राजधानी माले शहरात अशाच दुरून आलेल्या लाटा शिरल्या. त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती काँक्रीटच्या चौपायांची, म्हणजे टेट्रापॉडची, भिंत उभी राहिली. हो, मरीन ड्राइव्हवर बसून आपण सेल्फी काढतो तेच टेट्रापॉड. २००४ च्या सुनामीत मालेचं नुकसान कमी राहिलं, त्याचं श्रेय या भिंतीला दिलं जातं.

१९९७ पासून मालदीवने पुढचं पाऊल टाकलं. समुद्रतळाची वाळू उपसून मालेशेजारी हुलहुमाले हे नवं बेट बनवलं, समुद्रापासून सुमारे २ मीटर उंच. तुवालूनेही राजधानी फुनाफुतीत भराव घालून सात हेक्टरांहून जास्त उंच जमीन तयार केली आहे.

याने किती वेळ मिळतो? काही दशकं. पण किंमत मोठी आहे. पैसा इतका लागतो की प्रत्येक बेटाला भिंत शक्य नाही. वाळू उपसल्याने गाळ उडतो आणि प्रवाळ गुदमरतो. आणि काँक्रीटची भिंत वाळूची नैसर्गिक हालचाल अडवते, त्यामुळे शेजारचा किनारा झिजू शकतो. एका जागेला वाचवताना दुसरी जागा जाऊ शकते, म्हणून भिंत कुठे बांधायची हे तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरलं पाहिजे.

## आणि वेळच संपला तर?

तुवालू देशाची लोकसंख्या सुमारे ११,००० आणि जमीन २६ चौरस किमी. नोव्हेंबर २०२२ मध्ये या देशाने जाहीर केलं की तो जगातला पहिला 'डिजिटल देश' बनणार. बेटांचं त्रिमितीय स्कॅनिंग, इतिहास, गाणी, कागदपत्रं सगळं डिजिटल जपायचं, म्हणजे जमीन गेली तरी देश म्हणून ओळख आणि समुद्रावरचा हक्क राहावा. गंमत म्हणजे वेबसाइटच्या नावात शेवटी येणारं 'डॉट टीव्ही' हे तुवालूचंच आहे आणि त्यातून या देशाला चांगलं उत्पन्न मिळतं.

२०२३ मध्ये तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासी ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाऊ शकतात. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा कुटुंबीयांसह देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांची नावं नोंदली गेली.

मी हा आकडा वाचून बराच वेळ थांबलो. नाव नोंदवणारा प्रत्येक जण निघून जाईलच असं नाही. पण दार उघडं असावं असं जवळपास सगळ्यांना वाटलं. तंत्रज्ञानाच्या लेखात सांगायला विचित्र वाटेल, पण आजीच्या अंगणाचं थ्रीडी मॉडेल म्हणजे अंगण नव्हे. डिजिटल प्रत हा शेवटचा उपाय आहे. पहिले चार नीट केले तर तो लांबवता येतो.

## थोडक्यात सांगायचं तर

- इशारा: तास ते दिवस मिळतात. रेंज, भाषा आणि विश्वास नसेल तर वाया जातो.
- गोडं पाणी: महिने ते वर्षं मिळतात. विजेवर अवलंबून.
- जिवंत प्रवाळ: वर्षं मिळतात. पाणी तापत राहिलं तर हरतो.
- भिंत आणि भराव: दशकं मिळतात. महाग, आणि शेजाऱ्याला त्रास देऊ शकतात.
- स्थलांतर आणि डिजिटल जतन: माणसं आणि ओळख वाचते. जागा वाचत नाही.

## तुमच्या फोनमध्ये आत्ता काय करायचं?

तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल, किंवा सुट्टीत गोवा, मालवण, अलिबागला जात असाल, तर ही पाच मिनिटांची कामं करून टाका:

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' शोधा आणि 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' चालू आहे का बघा. फोननुसार नाव थोडं बदलतं. आवाज मोठा येतो म्हणून बंद करू नका. तो मोठा यावा म्हणूनच आहे.

२. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अ‍ॅप घ्या आणि तुमचा जिल्हा निवडा.

३. इन्कॉइसचं 'समुद्र' अ‍ॅप घ्या. लाटा, भरती आणि उधाणाचे इशारे त्यात दिसतात. मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे याची माहिती इन्कॉइस मराठीतूनही देते.

४. घरात कुणी मासेमारीला जात असेल तर निघण्यापूर्वी इशारा बघून त्यांना सांगायचं काम तुमचं. आजोबांना अ‍ॅप कळत नसेल, पण तुमचं ऐकतील.

५. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला इशारा पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख बघा. जुना इशारा फिरत राहिला की लोक खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लक्षद्वीप बुडणार का?
एका रात्रीत नाही. आधी पाणी, मग किनारा, मग घरं असा त्रास वाढत जातो. तो किती लवकर वाढेल हे प्रवाळाच्या तब्येतीवर आणि जग किती प्रदूषण करतं यावर ठरेल.

आकाश निरभ्र असेल तर समुद्रात उतरायला हरकत नाही ना?
चोर लाटांची गोष्ट आठवा. त्यांना ढग लागत नाहीत. इशारा बघा, आणि स्थानिक मच्छीमार नको म्हणाले तर वाद घालू नका.

पर्यटक म्हणून प्रवाळासाठी काय करता येईल?
त्यावर उभं राहू नका, तुकडा तोडून आणू नका. आणि बेटावर नळ जपून वापरा. ते पाणी ३५० मीटर खोलीच्या थंडाव्याने बनलेलं असतं.

देवगडला गेलो की मी अजूनही बंदरावर फेरी मारतो. मामा आता निघायच्या आदल्या रात्री मला फोन करतो आणि विचारतो, "तुझा तो समुद्र काय म्हणता?" मी अ‍ॅप उघडून वाचून दाखवतो. कधीकधी तो माझं ऐकून थांबतो, कधी हसून निघतो. पण विचारतो हे नक्की. बेटांवर असो की कोकणात, सुरुवात इथूनच होते.

माहिती आवडली असेल तर किनाऱ्यावर राहणाऱ्या एखाद्या मित्राला हा लेख नक्की पाठवा, आणि त्याच्या फोनमधला अलर्ट चालू आहे का तेही विचारा.